कानवाल्याची गैरहजेरी

माणसाने कोणाचा हेवा करावा याला काही ताळतंत्र असावं. शेजाऱ्याच्या गाडीचा करावा, साडूच्या बढतीचा करावा, फार तर वर्गमित्राच्या डोक्यावर अजून टिकून असलेल्या केसांचा करावा. कानवाल्याने जन्मभर हेवा केला तो स्वतःच्या बायकोचा. बरं, तोही तिच्या रूपाचा नाही, हुशारीचा नाही, माहेरचा नाही. लग्नाच्या कितीतरी आधीची एक संध्याकाळ तिच्याजवळ होती आणि याच्याजवळ नव्हती, एवढंच.

कानवाला हे त्याचं नाव नव्हे. कानाची मशीनं बसवून देण्याचं त्याचं दुकान होतं. बाहेर एक काउंटर, काचेच्या कपाटात रबराचे दोन कान, आणि आत भिंतींना जाड फोम लावलेली, दार लावलं की स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटेल अशी छोटी खोली. गिऱ्हाइकाला त्या खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा. नाही आला तर दाबू नका." म्हातारी माणसं परीक्षेला बसल्यासारखी घाबरायची आणि काही ऐकू आलं नसतानाही बटण दाबत सुटायची. कानवाला काचेपलीकडून हसून म्हणायचा, "आजोबा, यात कोणी नापास होत नाही. सावकाश होऊ द्या." असा गोड माणूस. मुलीचा लाडका, जावयाशीही पटायचं. मत्सर नावाचा किडा याला आतून पोखरतोय असं कोणाला सांगून पटलं नसतं.

त्याचे स्वतःचे कान मात्र साठी उलटली तरी ठणठणीत होते, आणि ते त्याने कॉलेजात असल्यापासून वाहिले होते रॉकला. रॉकला म्हणजे तसं सगळ्याच, पण खरं म्हणजे त्या चौघांना. गायक, गिटारवाला, बेसवाला आणि ड्रमवाला. त्यांच्या शहरातलेच होते ते. खांद्यापर्यंत केस, घट्ट विजारी, आणि गायकाचा आवाज असा की वरच्या पट्टीत गेला की ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा यायचा. त्यांच्या स्टुडिओत केलेल्या रेकॉर्डी कानवाल्याकडे सगळ्या होत्या, पण त्यांना तो दुसऱ्या कप्प्यात ठेवायचा. पहिल्या कप्प्यात लाइव्ह.

या बाबतीत त्याची ठाम मतं होती आणि ती ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नसे. स्टुडिओतलं गाणं म्हणजे पासपोर्टचा फोटो, असं तो म्हणे. कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. लाइव्हमध्ये माणूस सापडतो. गायक खोकतो, कडव्याचे शब्द विसरतो, ड्रमवाला उत्साहाच्या भरात पुढे पळतो आणि बाकीचे तिघे त्याच्यामागे धावतात. काही लोक लाइव्ह म्हणून रेकॉर्ड काढतात आणि नंतर स्टुडिओत बसून चुका पुसून टाळ्या वरून चिकटवतात. अशांचं तो नाव काढू देत नसे. आणि म्हातारे झालेले वादक अजून कशाला वाजवतात असं कोणी म्हटलं की तो चवताळायचा. "आवाज फुटला तर फुटू दे ना. त्याचा आहे, तो फोडतोय. खोटा नको, म्हणजे झालं." हे वाक्य त्याच्या मित्रांना पाठ होतं.

त्या चौघांची सगळ्यात गाजलेली लाइव्ह रेकॉर्ड झाली ती बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या गोदामात. चौथ्या गाण्यात गिटारची तार तुटते. गिटारवाला तार बदलेपर्यंत ड्रमवाला एकटा किल्ला लढवतो, लोक टाळ्यांनी ताल धरतात, आणि तार बसल्यावर गिटार जी काही आत घुसते ती जागा ऐकायला माणसं आजही ती रेकॉर्ड शोधत फिरतात. त्या कार्यक्रमाचं तिकीट कानवाल्याकडे होतं. रांगेत उभं राहून, ढकलाढकली करून, सगळ्यांच्या आधी काढलेलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याला गालगुंड झालं. दोन्ही गाल भोपळ्यासारखे सुजलेले, डोक्यावरून हनुवटीखाली आईने बांधलेला मफलर, अशा अवतारात तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. घरापासून गोदाम चालत जाण्याइतकं जवळ. वाऱ्याबरोबर ड्रमचा धबधब आवाज खिडकीतून येत होता म्हणे. हे तो स्वतःच सांगायचा.

पुढे त्याचं लग्न झालं. नव्या घरात सामान लावून झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते बायकोला ती रेकॉर्ड ऐकवण्याचं. खिडक्या लावल्या, तिला बरोबर मध्ये, दोन्ही स्पीकर सारख्याच अंतरावर येतील अशा जागी बसवलं आणि अगदी हळुवार हाताने सुई टेकवली. ती बिचारी मांडीवर उशांचे अभ्रे घेऊन घड्या घालत बसली होती. दुसरं गाणं सुरू झालं तशी ती मान वर करून म्हणाली, "अय्या, याला तर मी गेले होते."

"कशाला?"

"हे नाही का, बर्फाच्या कारखान्यात? फार गर्दी होती. माझी चप्पल हरवली होती तिथे."

कानवाल्याला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं, आणि त्याला चुकीचं ऐकायची सवय नव्हती. "कोणाबरोबर गेली होतीस?" त्याने विचारलं.

"होता एक ओळखीचा," ती म्हणाली आणि पुढचा अभ्रा उचलला.

आता कोणत्याही नवऱ्याला 'होता एक' हे खुपलं असतं. कानवाल्यालाही खुपलं. पण खरी गंमत अशी, की तो एक कोण होता, त्याचं पुढे काय झालं, हे त्याने पुन्हा कधी विचारलंही नाही. त्याला झोपू देत नव्हती ती वेगळीच गोष्ट. ज्या बाईला गिटार आणि बेस यातला फरक कळत नाही, जिला गाणी लागली काय आणि न लागली काय सारखंच, ती तिथे उभी होती. तार तुटली तेव्हा तिथे होती. आणि तिला आठवतेय काय, तर चप्पल.

तेव्हापासून त्या रेकॉर्डचं सुख गेलं. हेडफोन लावून तो गाण्यांऐवजी लोकांचा गलका ऐकू लागला. टाळ्या वाजायला लागल्या की त्यात हिचे दोन हात आहेत, हे डोक्यातून जाईना. कधी स्वयंपाकघरात जाऊन विचारायचा, "तार तुटली तेव्हा लोक आधी ओरडले की आधी गप्प झाले?" ती आठवायचा प्रामाणिक प्रयत्न करायची. "ओरडलेच असतील हो. सगळा वेळ ओरडतच होते." तो तोंड पाडून परत यायचा. देवाने दिलं, पण कोणाला दिलं, असं त्याला वाटे.

त्यात मित्रांनी भर घातली. रविवारी सकाळी दोन मित्र त्याच्याकडे यायचे. एक शिंपी, शर्ट शिवण्यात पटाईत. दुसरा खोका. त्याने घरात माणसापेक्षा उंच स्पीकर आणून ठेवले होते आणि त्यापायी कपाट विकलं होतं, म्हणून हे नाव. तिघांच्या या बैठकीत शेवटचा शब्द कानवाल्याचा. कुठल्या कार्यक्रमात कुठल्या गाण्यानंतर कुठलं गाणं झालं, कुठे गायक चुकला, ते त्यालाच विचारायचं. एकदा बोलता बोलता बायकोने चहा ठेवताना त्या संध्याकाळचा उल्लेख केला मात्र, दोघे ताडकन उठून उभेच राहिले. "वहिनी, तुम्ही होता तिथे? आणि हा इतकी वर्षं बोलला नाही?" मग तिला बसवून घेतलं, खोदून खोदून विचारलं, आणि ती सांगेल त्या प्रत्येक फालतू गोष्टीवर माना डोलावल्या. आत थंडी होती? वा. भिंतींना ओल होती? वा, वा. कानवाला कोपऱ्यात मूग गिळून बसला होता. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली. पुढे कधीतरी घरात बायको उत्तर देईनाशी झाली. कानवाल्याने हाक मारावी आणि तिने आपली भाजी चिरत राहावं. त्याला वाटलं आपल्यावर राग आहे. त्यानेही बोलणं कमी केलं. असा अबोला बरेच दिवस रंगला, तेव्हा मुलगी माहेरी आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "बाबा, जगाचे कान तपासता ना तुम्ही? आईला ऐकू येत नाहीये."

त्याने तिला फोमच्या खोलीत बसवलं. ती बटण हातात घेऊन शांतपणे बसली. तो काचेतून तिचा चेहरा बघत होता. बारीक, उंच आवाज एकामागून एक जात होते आणि तिचा अंगठा हलत नव्हता. जाड आवाज तिला छान ऐकू येत होते. पक्ष्यांचे, घंटीचे, 'स' आणि 'श' चे गेले होते. दुकानातलं सगळ्यात चांगलं मशीन त्याने तिला बसवलं, दोन्ही कानांना. ते मोबाईलवरून कमीजास्त करता येतं. ती म्हणाली, "मला नाही बाई कळायचं त्यातलं. तुमच्या फोनवर राहू दे. तुम्हीच बघा." तेव्हापासून बाजारात गलका वाढला की तो खिशातून फोन काढून तिचे कान कमी करायचा, नात फोनवर बोलायला लागली की वाढवायचा. यात किती विश्वास होता ते त्या दोघांच्याही लक्षात आलं नसेल. ऊठसूट कोणी कोणाच्या हातात आपले कान देत नाही.

आणि मग ती बातमी आली. ते चौघे पुन्हा वाजवणार होते, त्यांच्याच शहरात, आणि तो कार्यक्रम रेकॉर्ड होणार होता. चौघे म्हणजे खरं तर तिघे. बेसवाला वारला होता, त्याच्या जागी गिटारवाल्याचा पुतण्या. मुलीने आईबाबांसाठी दोन तिकिटं काढून पाठवली. कानवाला महिनाभर हवेत होता. या वेळी तो असणार होता. आणि बायको त्याच्याबरोबर असणार होती, त्या कोणा ओळखीच्याबरोबर नाही. ती जुनी संध्याकाळ या नव्या संध्याकाळने पुसून टाकायची, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला मात्र त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं.

नाट्यगृह लाल मखमलीच्या खुर्च्यांचं, जुनं. आलेले सगळे त्यांच्याच वयाचे. कोणी गुडघ्याला पट्टा बांधलेला, कोणी पाठीला टेकायला घरून उशी आणलेली. तिकिटावरचा खुर्चीचा आकडा वाचायला प्रत्येकजण चष्मा शोधत होता आणि त्यामुळे रांग अडली होती. शिंपी आणि खोका वर गॅलरीत होते. तिथून त्यांनी हात केला. "आजचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत आहे," अशी घोषणा झाली तेव्हा कानवाला सरसावून बसला आणि त्याने केसांवरून हात फिरवला, जणू आवाजाच्या रेकॉर्डमध्ये भांग दिसणार होता.

पडदा वर गेला. गायक उंच स्टुलावर बसलेला होता. केस पांढरे, पातळ, पण अजून खांद्यापर्यंत. पायाशी छोटा पडदा, त्यावर गाण्यांचे शब्द. ड्रमवाल्याच्या मागे अंधारात आणखी एक तरणा ड्रमवाला बसवलेला होता, तो अवघड जागा सांभाळत होता. कानवाल्याने पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीतच ओळखलं की पट्टी चांगलीच खाली आणली आहे. जिथे आवाज वर चढायचा तिथे गायकाने माइक लोकांकडे धरला आणि लोकांकडूनच ती ओळ म्हणवून घेतली. लोकांना वाटलं आपला मान राखला. तिसऱ्या गाण्यातली ती मानेवर काटा आणणारी किंकाळी मागे उभ्या असलेल्या एका मुलीने घेतली, आणि गायकाने नुसतं तोंड उघडलं.

हे सगळं माफ करायला कानवाल्याइतका योग्य माणूस त्या सभागृहात दुसरा नव्हता. आवाज फुटला तर फुटू दे, हे त्याचंच वाक्य. पण आज ते त्याला आठवलं नाही. चाळीसेक वर्षं वाट पाहून आपल्या वाट्याला आलं ते हे. ऐन भरातले ते हिच्या वाट्याला आले, आणि औषधाच्या गोळ्या घेऊन आलेले आपल्या. त्याने शेजारी पाहिलं.

ती डोळे मिटून बसली होती. मान ताल धरत होती. चेहऱ्यावर असं काही होतं की कानवाल्याने ते आजवर पाहिलं नव्हतं. मुलगी झाली तेव्हाही नाही. ती कॉलेजातली दिसत होती. गाणं संपलं, तिने डोळे उघडले आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, आवाज अगदी तसाच आहे हो. काही म्हणजे काही बदललेलं नाही."

कानवाल्याच्या सगळं लक्षात आलं. तिच्या कानांचा आलेख त्याला तोंडपाठ होता. आवाजातली चीर, धाप, घशातली खरखर हे सगळं त्या गेलेल्या बारीक आवाजांत होतं आणि मशीन गाण्यासाठी त्याने स्वतःच मऊ, म्हणजे बारीक आवाज टोचणार नाहीत असं, लावून दिलं होतं. जे ऐकू येत नव्हतं ते ती आठवणीतून भरून घेत होती. म्हणजे बर्फाच्या कारखान्यात ती एकदा जाऊन आली होती, आणि आता याच्या शेजारी बसून दुसऱ्यांदा चालली होती. याला वगळून. आणि बरोबर कोण होता, तर होता एक ओळखीचा.

इतका मत्सर त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता. पुढचं गाणं संथ होतं, नुसती गिटार आणि आवाज. कानवाल्याने खिशातून फोन काढला, गुडघ्यांमध्ये धरला आणि तिचं मशीन बदललं. मऊ होतं ते काढून टाकलं. बारीक आवाज वर नेले, आणखी वर नेले, जिथे आपण कुठल्याही गिऱ्हाइकाला नेलं नसतं तिथपर्यंत नेले. तिला नीट ऐकू यावं म्हणूनच हे करतोय, असं तो स्वतःला सांगत होता. ते खोटं आहे हेही त्याला त्याच वेळी कळत होतं.

तिने खांदे आवळून घेतले. डोळे उघडले. आधी इकडे तिकडे पाहिलं, मग समोर. गायकाचा आवाज एका ओळीवर चिरला आणि त्याने ती ओळ अर्धी सोडून श्वास घेतला. तो श्वास तिला लख्ख ऐकू आला असणार. तिचा चेहरा हळूहळू साठीचा झाला.

"म्हातारा झाला हो बिचारा," ती पुटपुटली.

कानवाल्याला वाटलं होतं बरं वाटेल. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या गुडघ्यांमधल्या फोनच्या उजेडाकडे. ती रागावली नाही. दोन्ही हात वर नेऊन तिने एकेक मशीन कानातून काढलं, त्याचा हात ओढून तळव्यावर ठेवलं आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली. मग ती पुन्हा समोर बघू लागली.

चालू मशीन मुठीत धरू नये. ते आपलाच आवाज ऐकतं आणि शिट्टी मारतं. हे कानवाल्याने इतक्या लोकांना सांगितलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. पण तो मूठ आवळून बसला, जशी तिने मिटवली होती तशी. गायकाने शेवटच्या ओळीआधी थांबून डोळे मिटले, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली, आणि कानवाल्याच्या मुठीतून बारीक, तीक्ष्ण, न थांबणारी शिट्टी निघाली.

गायकाने डोळे उघडले. डोकं तिरकं करून ऐकलं. मग स्वतःच्या कानाशी हात नेला, केसांखालून एक मशीन काढलं, डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाला, "माझं नाही. माझं गप्प आहे."

सगळं सभागृह हसलं.

"ज्याचं कोणाचं असेल त्याने सावकाश बंद करावं," तो म्हणाला. "घाई नाही. आपण सगळे आता याच वयाचे झालो."

टाळ्या थांबेनात. कानवाला ती दोन मशीनं बंद करायला बघत होता, एक खाली पडलं, ते तो खुर्चीखाली चाचपून शोधत होता. शिट्टी तेवढ्या उंच आवाजातली असल्याने बायकोला काहीच ऐकू आलं नव्हतं. सगळे हसतायत म्हणून तीही हसत होती. मशीन सापडल्यावर तो वर आला आणि तिच्याकडे बघत बसला. ती आता काही बोलेल, आता बघेल, याची वाट पाहत तो कार्यक्रम संपेपर्यंत तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिला. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी तिने आपला फोन त्याच्या ताटलीशेजारी ठेवला. "ते मशीनचं माझ्या फोनवर घालून द्या. आणि तुमच्या फोनवरचं काढून टाका."

"अगं, तुला जमणार नाही ते."

"शिकेन मी."

त्याने तिच्या फोनवर घालून दिलं. आपल्या फोनवरचं पुसलं. तिने चष्मा लावून खात्री करून घेतली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

मित्रांनी अर्थातच विचारलं होतं. त्याच दिवशी खोक्याचा फोन आला, "कोणाचं मशीन होतं रे ते? तुमच्याच बाजूने आवाज आला." "काय माहीत," कानवाला म्हणाला. खोटं बोलून तो मोकळा झाला, पण त्या खोट्याची टोचणी राहिलीच.

काही महिन्यांनी रेकॉर्ड निघाली. रविवारी तिघे जमले. कानवाल्याच्या मनात धास्ती होती आणि आशाही होती. धास्ती, की शिट्टी ठेवली असेल. आशाही तीच. शिंप्याने वेष्टन काढलं, सुई टेकवली. दुसरी बाजू. संथ गाणं. शांतता. आणि शिट्टी. त्यांनी पुसली नव्हती. चांगली स्पष्ट, खोलीच्या डाव्या बाजूने. मग गायकाचं ते बोलणं, हशा, टाळ्या.

खोक्याने सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा ऐकलं. "काय नशीब आहे बघ एकेकाचं," तो म्हणाला. "आपण जन्मभर टाळ्या वाजवल्या, आपला आवाज कशातही सापडत नाही. आणि हा कोण पठ्ठ्या, नुसती शिट्टी मारून अमर झाला. मला तर जळायला होतंय."

मी तो, हे शब्द कानवाल्याच्या अगदी ओठांवर आले. सगळ्या आयुष्यात जे हवं होतं ते समोर फिरत होतं. पण मी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. तुझे कान ठणठणीत, मग तुझ्या मुठीत मशीन कसं? त्याने ओठ मिटून घेतले. तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. मशीन आता ती स्वतःच लावत होती आणि छान लावत होती.

"माझं होतं ते," ती म्हणाली.

शिंप्याने हातच जोडले. "वहिनी, याही रेकॉर्डवर तुम्हीच?"

"काढून यांच्या हातात दिलं होतं. सांभाळा म्हटलं जरा."

"पण काढलं कशाला? ऐन गाण्यात?"

कानवाल्याने जमिनीकडे पाहिलं. आता ती सांगणार आणि सांगितलं तर चुकीचंही नाही, असं त्याला वाटलं. तिने कप एकेकाच्या हातात दिले. त्याच्यापुढे ट्रे धरताना क्षणभर थांबली.

"फार स्पष्ट ऐकू यायला लागलं होतं," ती म्हणाली. "तेवढं नको होतं मला."

"वा," खोका म्हणाला, आणि शिंप्यानेही मान डोलावली. कानवाल्याला शरम वाटली, सुटल्यासारखंही वाटलं, आणि या दोन्हींच्या खाली तो जुना हेवा जसाच्या तसा होता, हेही त्याला जाणवलं. तिने त्याला वाचवलं होतं, आणि वाचवताना रेकॉर्डवरची जागा पुन्हा तिचीच झाली होती.

खोक्याने सुई वर धरून ठेवली. "थांबा. शिट्टीनंतर, त्या टाळ्या संपल्यावर कुठलं गाणं घेतलं त्यांनी? मी विसरलो. कानवाल्या, तू सांग."

या बैठकीत असल्या प्रश्नाला कानवाल्याने कधी क्षणभरही वेळ लावला नव्हता. त्याने तोंड उघडलं. आठवायला लागला. त्याला खुर्चीखालचा अंधार आठवला, हाताला लागलेली धूळ, बायकोच्या गालाची एक बाजू. सुरुवात कोणी केली होती, गिटारने की ड्रमने, लोक उभे राहिले होते की बसले होते, काहीच येईना. दोघे त्याच्याकडे बघत होते.

रिकामा ट्रे घेऊन बायको आत निघाली होती. जाता जाता तिने एका गाण्याची पहिली ओळ गुणगुणली, थोडी बेसूर, पण ओळखू येईल अशी. खोक्याने सुई टेकवली. टाळ्या ओसरल्या आणि तेच गाणं सुरू झालं. गायकाचा आवाज फुटत होता, कुठेही लपवलेला नव्हता, मागच्या मुलीला त्याने गप्प बसवलं होतं आणि वरची ओळ तो स्वतः, जमेल तशी, म्हणत होता. त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं गाणं तेच होतं. कानवाल्याने ते पहिल्यांदा ऐकलं.